फेंटानिलचा पंप बंद झाल्यावर: एक नवजात बाळ आणि त्याचे ओपिऑइड रिसेप्टर

बाळ पूर्ण दिवसांचे, ३९ आठवड्यांचे, वजन ३ किलो. डायफ्रॅमच्या डाव्या बाजूला जन्मतःच भोक, त्यातून आतडी छातीत चढलेली आणि त्यामुळे डावे फुफ्फुस नीट वाढलेले नाही. अशा बाळाच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या फार चिडक्या असतात. डायपर बदलला, नळीतला कफ ओढला, एवढ्यावरही दाब चढतो आणि ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. म्हणून जन्मानंतर तासाभरातच श्वासनळीत ट्यूब, व्हेंटिलेटर आणि फेंटानिल या ओपिऑइडची, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची, ड्रिप सुरू झाली.

आधीच सांगतो, हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेले आहे, कुठल्याही एका बाळाचे नाही. डोसचे आकडे त्यातल्या हिशेबासाठी आहेत. त्यांवरून कुणी औषध लिहू नये.

ड्रिपचा हिशेब असा. पहिले तीन दिवस दर किलोला तासाला २ मायक्रोग्रॅम. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, त्या दिवशी ४. पाचव्या ते सातव्या दिवशी ५, आठव्या ते दहाव्या दिवशी ७, अकराव्या आणि बाराव्या दिवशी ८. बेरीज केली तर किलोमागे जवळपास दीड मिलिग्रॅम होते आणि मधूनमधून एकदम दिलेले जादा डोस, म्हणजे बोलस, धरले तर दीडच्या वर. मिडाझोलाम किंवा तत्सम दुसरे कुठलेही झोपेचे औषध दिले नव्हते. पुढच्या निदानात याचा उपयोग झाला.

तेराव्या दिवशी ट्यूब निघाली. श्वास दबू नये म्हणून चोवीस तासांत ड्रिप ८ वरून ४, ४ वरून २ आणि मग बंद. बाळ स्वतःहून छान श्वास घेत होते. सगळे खूश.

पंप बंद झाल्यावर दहाएक तासांनी रात्रपाळीच्या सिस्टरने नोंद केली: रडणे बारीक आणि कर्कश, कडेवर घेतले तरी थांबत नाही. लागोपाठ चार-पाच शिंका, मग जांभया. हातापायांना थरथर. कपाळाला आणि वरच्या ओठाला घाम. अंगावर निळसर जाळी. ताप ३७.९. श्वास मिनिटाला ७५. मूठ तोंडात कोंबून अधाशासारखी चोखते, पण दूध लावले की चार घोटांत सोडून देते. शी पातळ, पाण्यासारखी, आणि तीही त्याच आतड्यातून जे बारा दिवस जवळजवळ हललेच नव्हते.

पहिला संशय जंतुसंसर्गाचा आला आणि तो यायलाच हवा. तेरा दिवसांचे बाळ, छातीत-पोटात नुकतीच शस्त्रक्रिया, मोठ्या शिरेत लाईन, वर ताप. रक्ताचे कल्चर पाठवले, अँटिबायोटिक सुरू केले. साखर, कॅल्शियम, पोटाचा आणि छातीचा एक्स-रे, डोक्याची सोनोग्राफी हे सगळे ठीक आले. थरथर झटक्यांची आहे का, हे बिछान्याशीच कळले. थरथरणारा हात हलकेच धरला की थरथर थांबत होती. झटका असा धरून थांबत नाही. शिवाय नजर फिरत नव्हती, ऑक्सिजन घसरत नव्हता.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: हे दुखणे तर नाही? शस्त्रक्रियेला नऊ-दहा दिवस झाले होते, जखम कोरडी होती. पण दुखण्याचे गुण मोजणारे जवळजवळ सगळे तक्ते रडणे, नाडी, चेहरा, झोप यांवरच उभे असतात आणि विथड्रॉवल, म्हणजे ओपिऑइडची सवय झालेल्या शरीराला ते अचानक मिळेनासे झाल्यावर उठणारा त्रास, तोही तेच आकडे वर नेतो. विथड्रॉवल मोजणारा फिनेगनचा तक्ता १९७५ चा, आईच्या पोटात असताना ओपिऑइड मिळालेल्या बाळांसाठी बनवलेला. या बाळाला तो जसाच्या तसा लागू नाही. तरी शिंका, जांभया, पातळ शी, घाम या दुखण्यात न बसणाऱ्या गोष्टी त्यात मोजल्या जातात, म्हणून तो वापरला. गुण आले १४ आणि पुढच्या वेळी १३. माझ्या मते अशा वेळी गुणांपेक्षा घड्याळ जास्त बोलते. दुखणे हाताळल्यावर वाढते. विथड्रॉवल डोस कमी केल्याच्या वेळेला बांधलेला असतो आणि बाळाला कुणी हात लावला नाही तरी चढत राहतो. फेंटानिल चरबीत मुरते आणि तिथून हळूहळू रक्तात उतरते, त्यामुळे पंप बंद होणे आणि लक्षणे दिसणे यांत काही तासांचे अंतर पडते. आपण नेमके त्या अंतरात निर्धास्त होतो.

आधीच्या अभ्यासांकडे पाहिले असते तर धोका अगोदरच दिसला असता. १९९४ मध्ये कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातल्या २३ बाळांचा आणि मुलांचा अभ्यास छापला. एकूण फेंटानिल किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर किंवा ड्रिप पाच दिवसांहून जास्त, तर निम्म्या मुलांना विथड्रॉवल. अडीच मिलिग्रॅमच्या वर किंवा नऊ दिवसांहून जास्त, तर सगळ्यांनाच. अभ्यास छोटा आहे, पण बारा दिवसांच्या ड्रिपनंतर एका दिवसात शून्यावर येणे किती घाईचे आहे, हे सांगायला पुरेसा आहे.

डोस चढत का गेला

राउंडवर यावर एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘रिसेप्टर थकले.’ रिसेप्टर म्हणजे पेशीवरची औषध बसण्याची जागा. हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच उपचार चुकतात.

आधी यकृताचा प्रश्न निकाली काढू. नवजात बाळाचे यकृत पहिल्या दोन आठवड्यांत फेंटानिल अधिकाधिक वेगाने मोडू लागते, त्यामुळे डोस थोडा वाढावा लागणे समजण्यासारखे आहे. पण या बाळाच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर छातीतली आतडी परत आली होती, म्हणजे पोटातला दाब वाढला होता. असा दाब वाढला की यकृताकडे जाणारे रक्त कमी होते आणि फेंटानिल शरीरात जास्त रेंगाळते. डोसची गरज त्यामुळे घटायला हवी होती. ती वाढली. शिवाय कृत्रिम फुफ्फुसाच्या यंत्रावर ठेवलेल्या नवजात बाळांमध्ये अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दाखवले होते की तितकीच गुंगी टिकवायला डोसच नव्हे, तर रक्तातली फेंटानिलची पातळीही चढत जाते. औषध पोचते आहे, पण परिणाम होत नाही. तेव्हा कारण पेशीतच शोधायला हवे.

फेंटानिल आणि मॉर्फिन ज्यावर बसतात तो म्यू रिसेप्टर हे पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर गेलेले प्रथिन आहे. फेंटानिल बसले की आतले जी-प्रथिन दोन तुकड्यांत सुटते. एक तुकडा ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला दाबतो, त्यामुळे सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू कमी बनतो. दुसरा तुकडा पोटॅशियमचे मार्ग उघडतो आणि चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमचे मार्ग बंद करतो. पेशी शांत होते, पुढे संदेश जात नाही. हे सगळे काही सेकंदांचे काम.

मग रिसेप्टरच्या पेशीतल्या शेपटीवर जीआरके नावाची एन्झाइमे फॉस्फेट चिकटवू लागतात. फॉस्फेटवर बीटा-अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते, जी-प्रथिनाची वाट अडते आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. तिथे फॉस्फेट काढले की तो ताजा होऊन पुन्हा पडद्यावर येऊ शकतो. म्हणजे आत जाणे ही रिसेप्टरची शिक्षा नव्हे, एका अर्थी ती त्याची दुरुस्ती आहे. फेंटानिल शेपटीवर अनेक ठिकाणी फॉस्फेट लावून घेते आणि रिसेप्टरला जोरात आत ओढते. मॉर्फिन मात्र मुख्यतः एकाच जागी, उंदरातल्या रिसेप्टरच्या ३७५ क्रमांकाच्या सेरीनवर, फॉस्फेट लावते आणि रिसेप्टर बहुतेक पडद्यावरच राहतो. तरीही मॉर्फिनने टॉलरन्स, म्हणजे त्याच परिणामाला वाढता डोस लागणे, येतोच. ‘रिसेप्टर संपले म्हणून डोस वाढला’ हे उत्तर त्यामुळेच अपुरे पडते.

बीटा-अरेस्टिनच्या बाबतीत तर या क्षेत्राने चांगलीच उडी मारली होती. बीटा-अरेस्टिन २ नसलेल्या उंदरांत मॉर्फिनची वेदनाशामकता वाढते, असे १९९९ मध्ये दिसले. २००० मध्ये टॉलरन्सही कमी दिसला, आणि २००५ मध्ये श्वास कमी दबतो असेही छापून आले. त्या आधारावर ‘अरेस्टिन टाळणारे सुरक्षित ओपिऑइड’ शोधण्याची शर्यत लागली. २०२० मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मिळून तोच श्वासाचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्या उंदरांचाही श्वास मॉर्फिनने दबलाच. श्वास दाबण्याचे खापर अरेस्टिनवर फोडणे मी तेव्हापासून सोडले आहे.

या बाळाच्या रात्रीचे खरे उत्तर त्याहून जुने आहे. मेंदूत ओपिऑइड चिकटण्याची जागा आहे, हे १९७३ मध्ये बाल्टिमोरमध्ये पर्ट आणि स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये सायमन आणि उपसालात टेरेनियस यांनी स्वतंत्रपणे दाखवले. दोनच वर्षांनी शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, चेतापेशी आणि ग्लायापेशी यांच्या संकरित पेशींवर मॉर्फिन दिवसेंदिवस ठेवून पाहिले. सुरुवातीला सायक्लिक एएमपी घसरले. पण काही दिवसांत, मॉर्फिन तसेच असताना, ते जवळपास मूळ पातळीवर आले. मग मॉर्फिनचा परिणाम अचानक काढून घेतला, तेव्हा सायक्लिक एएमपी मूळ पातळीच्या पार वर गेले. पेशीने दाबाला उत्तर म्हणून आपल्या एन्झाइमची ताकद वाढवून ठेवली होती. रस्सीखेचीत समोरच्याने दोर सोडल्यावर आपण मागे कोलमडतो, तसे काहीसे.

मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा नॉरॲड्रेनालिन बनवणाऱ्या पेशींचा लहानसा पुंजका आहे. ओपिऑइड चालू असताना या पेशी गप्प असतात, आणि आत सायक्लिक एएमपीची यंत्रणा हळूहळू फुगत जाते. ओपिऑइड गेले की त्या बेफाम पेटतात. घाम, जलद श्वास, चिडचिड, थरथर, झोप उडणे या नोंदींतला बराचसा भाग याच नॉरॲड्रेनालिनच्या उधाणाचा आहे. पातळ शी वेगळ्या ठिकाणची. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवरही म्यू रिसेप्टर असतात आणि तिथेही हाच हिशेब चुकता होतो.

नवजात मेंदूचा वेगळेपणा

इथपर्यंतची गोष्ट मोठ्या माणसालाही लागू आहे. पण तेरा दिवसांच्या बाळात रिसेप्टरचा नकाशाच वेगळा असतो.

माणसाच्या गर्भात, गरोदरपणाच्या साधारण मध्यावर, मेंदूत ओपिऑइड रिसेप्टरचे म्यू आणि कप्पा हे प्रकार सापडतात, डेल्टा हा तिसरा प्रकार सापडत नाही. उंदरातही क्रम तोच आहे: म्यू आणि कप्पा जन्माआधीपासून, डेल्टा उशिरा, बराचसा जन्मानंतर. उंदराच्या पिलाच्या मज्जारज्जूत म्यू आणि कप्पा पहिल्या आठवड्याच्या शेवटी शिखरावर असतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत उतरून प्रौढ पातळीवर येतात. ढोबळमानाने आठवड्याचे पिलू म्हणजे आपले नुकते जन्मलेले बाळ. म्हणजे ज्या काळात हे बाळ फेंटानिलवर होते, तो काळ रिसेप्टर कमी असण्याचा नव्हे, भरपूर असण्याचा आहे.

पण ते भलत्या ठिकाणीही असतात. मोठ्या उंदरात म्यू रिसेप्टर मुख्यतः वेदना वाहणाऱ्या बारीक चेतापेशींवर असतात. नवजात पिलात ते स्पर्श वाहणाऱ्या जाड पेशींवरही सापडतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथून नाहीसे होतात. याहून चकित करणारी गोष्ट मेंदूच्या देठातली. तिथून मज्जारज्जूकडे जाणारी वाट मोठ्यांमध्ये वेदना दाबते. लहान पिलात, साधारण तीन आठवड्यांचे होईपर्यंत, त्याच भागात म्यू रिसेप्टर चेतवले तर मज्जारज्जूतली वेदनेची प्रतिक्रिया वाढते. वय उलटले की दिशाही उलटते. पिलातले हे निष्कर्ष बाळावर सरसकट लावता येणार नाहीत, पण ‘डोस वाढवला की दुखणे तेवढेच कमी’ हे गणित नवजात बाळात गृहीत धरू नये, एवढा धडा त्यातून नक्की घेता येतो.

वाढीच्या वयात या रिसेप्टरांना वेदनेपलीकडचेही काम असते. झॅगन आणि मॅकलॉफलिन यांनी १९८३ मध्ये दाखवले की उंदराच्या पिलांना ओपिऑइड रोखणारे नॅलट्रेक्झोन सतत दिले तर मेंदू मोठा होतो आणि त्यातल्या पेशी वाढतात. म्हणजे शरीराची स्वतःची ओपिऑइड पेशींच्या विभाजनावर एरवी लगाम ठेवत असतात. त्यात बाहेरून बारा दिवस फेंटानिल ओतण्याचा अर्थ काय, हा प्रश्न पालकांनी विचारला तर टाळू नये.

मात्र या चर्चेतून कुणी ‘मग नवजात बाळाला ओपिऑइड नकोच’ असा निष्कर्ष काढला, तर मी सरळ विरोध करीन. १९८७ पर्यंत कितीतरी नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया जवळजवळ भुलीविनाच होत. त्या वर्षी आनंद आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दाखवले की शस्त्रक्रियेत फेंटानिल दिले तर शरीरातला ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही घटते. याच आनंद यांनी पुढे ८९८ बाळांवर चाचणी केली, ती २००४ मध्ये छापली गेली: व्हेंटिलेटरवरच्या अपुऱ्या दिवसांच्या सगळ्याच बाळांना मॉर्फिनची ड्रिप लावून मेंदूतला गंभीर रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. शस्त्रक्रियेला हवेच, नुसत्या ट्यूबसाठी सरसकट नको. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने सिद्ध केल्या, हे मला आवडते.

काय केले

निदान पक्के करायला फेंटानिलचा एक लहान बोलस दिला, किलोला १ मायक्रोग्रॅम. काही मिनिटांत रडणे थांबले, श्वास ५० वर आला. तासाभरात सगळे परत. संसर्ग असता तर असे झाले नसते. दुखणे मात्र असू शकले असते, म्हणून बोलसचा पुरावा एकट्याने पुरेसा नव्हता. शिंका, पातळ शी आणि घड्याळ यांच्या जोडीनेच तो निर्णायक ठरला. नॅलोक्झोन हे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे औषध देऊन खात्री करण्याची कल्पना कुणी काढली तर तिथेच थांबवावी. ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या बाळात त्याने अचानक, तीव्र विथड्रॉवल आणि झटके येऊ शकतात.

ड्रिप पुन्हा लावली नाही. तोंडावाटे मॉर्फिन दर चार तासांनी किलोला ०.०५ मिलिग्रॅम सुरू केले. नवजात यकृताला मॉर्फिन हळू मोडता येते, पूर्ण दिवसांच्या बाळात त्याचे अर्धायुष्य सुमारे साडेसहा तासांचे असते, तर मोठ्या मुलांत दोन तासांचे. एरवी ही अडचण असते. इथे तीच सोयीची, कारण पातळी हळू उतरली की पेशीला आपली वाढवलेली यंत्रणा आवरायला वेळ मिळतो.

मॉर्फिनने गुण १४ वरून ९-१० वर आले आणि तिथेच अडले. टीमसमोर दोन वाटा होत्या: मॉर्फिन वाढवायचे की क्लोनिडिन जोडायचे. क्लोनिडिन निवडले आणि ते का, हे बायोकेमिस्ट्रीच सांगते. लोकस सेरुलियसच्या त्याच पेशींवर अल्फा-२ रिसेप्टर असतात आणि क्लोनिडिन त्यांवर बसते. ते त्याच जातीच्या जी-प्रथिनाला जोडलेले, तेच पोटॅशियमचे मार्ग उघडतात. १९८० च्या दशकात, दीर्घकाळ मॉर्फिन दिलेल्या उंदरांच्या या पेशींवर थेट नोंदी घेतल्या गेल्या. म्यू रिसेप्टरचा परिणाम मंदावला होता, अल्फा-२ चा मात्र शाबूत होता. म्यूच्या दारावर फॉस्फेट बसलेले असताना शेजारचे दार उघडे असते. किलोला १ मायक्रोग्रॅम दर सहा तासांनी दिले, नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून. दीड दिवसात गुण ५-६ वर आले, बाळ पूर्ण फीड घेऊन दोन-अडीच तास सलग झोपू लागले.

केटामाइन या एनएमडीए रिसेप्टर अडवणाऱ्या भुलीच्या औषधाचाही विचार झाला होता. एनएमडीए म्हणजे चेतापेशींतल्या ग्लुटामेट या संदेशवाहकाचा एक रिसेप्टर. मोठ्या उंदरांत तो अडवला तर मॉर्फिनचा टॉलरन्स आणि अवलंबित्व रोखले जाते, हे ट्रुहिलो आणि अकिल यांनी १९९१ मध्ये दाखवले. पण सात दिवसांच्या पिलांत तोच उपाय विथड्रॉवल रोखू शकत नाही, तीन आठवड्यांच्या पिलांत रोखतो. ज्या ग्लुटामेटच्या वाटेवर तो उपाय काम करतो, ती वाट नवजात मेंदूत अजून तशी जोडलेलीच नसावी. म्हणून केटामाइन बाजूला ठेवले.

मॉर्फिन रोज मूळ डोसच्या १० टक्क्यांनी उतरवले. दोनदा गुण चढले तेव्हा उतरणे एक दिवस थांबवले, डोस वाढवला नाही. मॉर्फिन सुटल्यावर क्लोनिडिनही टप्प्याटप्प्यानेच काढले, कारण ते एकदम तोडले तर रक्तदाब उसळतो. कल्चर ४८ तासांत निगेटिव्ह आले, तेव्हाच अँटिबायोटिक बंद झाले होते.

नवव्या आठवड्यात दुरुस्त केलेली जागा पुन्हा उसवली आणि दुसरी शस्त्रक्रिया ठरली. भूलतज्ज्ञांनी जुना चार्ट उघडला, तासाला ८ मायक्रोग्रॅमचा आकडा पाहिला आणि विचारले: ‘याला जास्तच लागेल ना?’ उत्तर होते, नाही. शेवटचा मॉर्फिनचा डोस जाऊन पाच आठवडे उलटले होते. रिसेप्टरच्या शेपटीवरचे फॉस्फेट काही मिनिटांत किंवा तासांत निघते. फुगलेली सायक्लिक एएमपीची यंत्रणा आवरायला दिवस-आठवडे लागतात, पण तीही एवढ्यात आवरलेली असणार. जुन्या टॉलरन्सच्या भरवशावर जुना डोस दिला असता, तर श्वास चालवणाऱ्या पेशींवरचे म्यू रिसेप्टर पूर्ण ताकदीने उत्तर द्यायला तयार होते. त्यामुळे ओपिऑइड कधीच न मिळालेल्या बाळाच्या डोसपासून सुरुवात झाली, जोडीला जागा बधिर करणारे औषध आणि पॅरासिटामॉल. या वेळी ड्रिप ४० तास चालली आणि डिस्चार्जच्या कागदावर एकूण फेंटानिलचा आकडा वेगळ्या ओळीत लिहिला गेला.